गहाणे बाई आणि हवेतली झाडं

गहाणे बाईंना चहा ओतताना पाहिलं की वाटायचं, चहा ओतावा तर असा. केटलीची चोच त्या कपाच्या काठाला अलगद टेकवायच्या, जरा थांबायच्या आणि मग धार सोडायच्या. बशीत एक थेंब सांडत नसे. स्टाफरूममधला चहा ओतायचं काम त्यामुळे आपोआप त्यांच्याकडे गेलेलं होतं. मला ती रीत फार खानदानी वाटली. मी गोंदियाला घरी तशी करून पाहिली, तर बायको म्हणाली, "कप को केतली से क्यों ठोक रहे हो?" आमच्या घरात कौतुक हिंदीत होत नाही, पण अपमान हमखास हिंदीत होतो.

बाई तसा का ओततात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला बऱ्याच गोष्टी माहीत नव्हत्या आणि त्या माहीत नाहीत हेही माहीत नव्हतं. बहुधा याच गुणावर मला शाळेचा संगणक शिक्षक नेमण्यात आलं.

आमची शाळा केशोरीच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध. मी मुळात गणिताचा. शाळेत संगणक आले तेव्हा मुख्याध्यापकांनी सगळ्या स्टाफवर नजर फिरवली आणि ज्याचा मोबाईल सर्वांत महाग होता त्याच्यावर ती थांबवली. मोबाईल माझ्या मेव्हण्याने दिलेला होता, हे सांगायला मला उशीर झाला. मग मी प्रशिक्षणाला गेलो आणि ठोकळ्यांचं कोडिंग शिकून आलो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: पडद्यावर रंगीत ठोकळे असतात, प्रत्येकावर एकेक आज्ञा लिहिलेली असते. 'दहा पावलं चाल', 'मोठा हो', 'मागे जा'. ते एकमेकांत अडकवले की पडद्यावरचं चित्र ऐकायला लागतं. लहान मुलांना हे एका तासात जमतं. मला पूर्ण प्रशिक्षण लागलं, आणि प्रमाणपत्र घेताना मी मंचावर अडखळलो ते वेगळंच.

गहाणे बाई चित्रकलेच्या. निवृत्तीला आलेल्या, बुटक्या, पांढऱ्या सुती साडीतल्या. खांद्यावर कापडी पिशवी आणि तिच्यात कोळसे. विकतचे नाहीत, चुलीतले. "दुकानातला कोरसा गुळगुळीत राहते जी, त्याच्यात झाड नाई राहत," असं त्या म्हणायच्या. चित्र काढण्याआधी हात ताठ करून अंगठा समोर धरायचा आणि उजवा डोळा मिटायचा, ही त्यांची सवय. मुलं पाठीमागे त्यांना अंगठाबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. हजेरी घेताना एखादा पोरगा जास्तच आवाज करायला लागला की त्या त्याच्यासमोर अंगठा धरत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "दिसतोस तर येवढाच, अना आवाज केवढा!"

त्यांचं दुसरं वाक्य होतं, "माहीत हाये ते काढू नोका, दिसून राहिलं ते काढा." एकदा साऱ्या वर्गाने म्हैस काळी रंगवली. बाईंनी सगळ्यांना बाहेर नेलं. डबक्यातून नुकतीच उठलेली म्हैस चिखलाने पिवळी झाली होती आणि पाठीवर आभाळ चमकत होतं. "कोठी हाये कारी? दाखवा!" म्हशीच्या मालकाला वाटलं, शाळेने म्हशीबद्दल तक्रार काढली आहे. त्याची समजूत घालायला मला पाठवलं गेलं. शाळेत जे काम कुणाचंच नसतं ते माझं असतं.

बाई कोहळी, पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्या समाजातल्या. त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी बांधलेला तलाव आमच्या शाळेच्या मागेच आहे, आणि त्याचा त्यांना असा अभिमान की जणू काल संध्याकाळी त्यांनीच शेवटची टोपली टाकली. मला त्या 'नळाचं पानी पेनारे' म्हणत. गोंदियाच्या माणसाबद्दल त्यांचं एवढंच मत होतं आणि ते मी कधी बदलू शकलो नाही.

तर प्रशिक्षणाहून आल्यावर मी जाहीर केलं की आपली शाळा त्रिमिती खेळ बनवणार. जाहीर करताना माझ्या एक गोष्ट लक्षात नव्हती, की या ठोकळ्यांना त्रिमिती येतच नाही. त्यांना डावं-उजवं कळतं आणि वर-खाली कळतं. पुढे-मागे म्हणजे काय, याचा त्यांना गंधही नाही. लांबी-रुंदी आहे, खोली नाही. पण तोंडातून शब्द गेला होता आणि मुलांनी तो गावभर केला होता.

मग जुगाड काढला. लांबची वस्तू लहान दिसते आणि जवळची मोठी, तेव्हा प्रत्येक झाडाला एक अंतर देऊन ठेवायचं आणि त्या अंतराने भागून झाडाचा आकार ठरवायचा. खेळणाऱ्याने वरचा बाण दाबला की सगळी अंतरं कमी होतात, झाडं मोठी होत जातात आणि आपण पुढे चाललो असं वाटतं. गणित माझं होतं, म्हणून मी खूश होतो. पहिल्याच दिवशी एक मुलगा चालत चालत पळसाच्या झाडापर्यंत पोचला, अंतर शून्य झालं, आणि शून्याने भागाकार झाल्याबरोबर अख्खा पडदा हिरवा होऊन बसला. वर्गात एकच जल्लोष झाला. "सर, आमी झाडात घुसलो!" शून्याने भागू नये हे मी त्याच मुलांना त्याच वर्षी शिकवलं होतं.

खेळ आमच्याच तलावाचा ठरला. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चालत जायचं, दोन्हीकडे झाडं, एका बाजूला पाणी. बाई संगणक खोलीत आल्या त्या खेळासाठी नाही, पंख्यासाठी. इन्व्हर्टरवर चालणारा पंखा तेवढ्या एकाच खोलीत होता. पदराने वारा घेत त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या. बराच वेळ पाहिलं.

"काऊन जी सर, हे झाडं हवेत काऊन लटकून राहिले?"

मी पाहिलं. खरंच लटकत होती. जवळची झाडं ठीक होती, पण जसजशी लांब जात तसतशी जमिनीवरून उचलली जात. तलावाच्या पलीकडची तर मुळांसकट आभाळात निघाली होती.

"बाई, ते त्रिमिती आहे," मी म्हणालो.

"त्रिमितीत मुरं नसते का?"

मुलं हसली. मी कामाला लागलो. प्रत्येक झाडासाठी मी एकेक दुरुस्ती घातली: मोह एवढा खाली, पळस तेवढा खाली. मोह बसवला की पळस उठे, पळस बसवला की सीताफळ जमिनीत घुसे. रोज मी नवं समीकरण आणायचो आणि रोज बाई पंख्याखाली येऊन म्हणायच्या, "आज बी लटकून राहिले जी." मला तो पंखाच बंद करून टाकावासा वाटायचा.

शेवटी एकदा त्यांनी विचारलं, "तुमी झाडाले धरले कोठून?"

"म्हणजे?"

"मी झाड काढतो ना, तं मुरापासून सुरू करतो. मंग ते लहान करा, मोठं करा, मुर आपल्या जागीच राहते. तुमी याले पोटात धरले वाटते."

बाई स्वतःबद्दल बोलताना 'काढतो', 'जातो' म्हणत, आमच्याकडे पुष्कळ बाया म्हणतात. मला आधी राग आला. मग मी हळूच ते चित्र उघडून पाहिलं. ठोकळ्यांच्या या साधनात प्रत्येक चित्राला एक मध्यबिंदू असतो, आणि चित्र लहान-मोठं होतं ते त्याच बिंदूभोवती. माझ्या सगळ्या झाडांचा बिंदू बरोबर पोटात होता. झाड लहान झालं की मुळं पोटाकडे ओढली जात. मी बिंदू मुळाशी नेला. सगळी झाडं एकदम जमिनीवर उभी राहिली. माझी सारी समीकरणं निकामी झाली.

"मी हेच म्हणत होतो," मी मुलांना म्हणालो. त्यांनी नम्रपणे मान हलवली. आमच्याकडची मुलं फार संस्कारी आहेत.

तेव्हापासून बाई खेळात आल्या, आणि आल्या त्या मालकिणीसारख्या. माउस त्यांना कधीच जमला नाही. पडद्यावरचा बाण वर जायला हवा असला की त्या माउस हवेत उचलत. चित्रं त्या कागदावर काढायच्या, त्यांचे फोटो त्यांच्याच मोबाईलवर घ्यायच्या, आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा असायचा. बगळा काढला तोही पांढऱ्या कागदावर. मी कागदाचा पांढरा रंग पुसायची आज्ञा दिली, तर कागदाबरोबर बगळाही पुसला गेला. उरली ती चोच, दोन पाय आणि अंगठा. "माहा बगरा खाल्ला तुमच्या मशीननं!" म्हणून त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग वहीचं खाकी कव्हर उलटं करून त्यावर खडूने बगळा काढून आणला. असा देखणा बगळा मी प्रत्यक्षातही पाहिलेला नाही.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. मुलांना खेळात वाघ हवा होता. नागझिरा काही फार लांब नाही आणि वाघाशिवाय खेळ म्हणजे मुलांना भाजीशिवाय भात. वाघ झेप घेणार, आपण पळणार, गुण मिळणार. बाई म्हणाल्या, वाघ येईल, पाणी पिईल आणि जाईल.

"मंग मॅडम, जिंकाचं कसं?"

"वाघ दिसला अना तुमी घरी आले, हेच जिंकनं."

मुलं इतकी हिरमुसली की मी मध्ये पडलो आणि वाघाच्या डरकाळीपुरती परवानगी मिळवली. तरी या खेळात कुणीही कधी हरलं नाही आणि त्यामुळे मुलांपैकी तो कुणी दुसऱ्यांदा खेळायला मागितला नाही. बाईंना ते कधी पटलं नाही.

एक अडचण मात्र राहिली. पाळीचं दूरचं टोक आभाळात चढल्यासारखं दिसे. मी आकडे बदलत होतो, बाई म्हणाल्या, आकडे सोडा, बाहेर चला. त्यांच्या घराण्यात सांगत की तलावाची जागा ठरवताना जुने लोक जमिनीवर पालथे झोपत, हनुवटी मातीला टेकवत आणि एका डोळ्याने उतार पाहत. पाणी कुठे उभं राहील ते तसं कळतं. खरं-खोटं त्यांचे पूर्वज जाणोत. पण बाईंनी अख्ख्या वर्गाला पाळीवर नेऊन पालथं झोपवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मुलांसमोर नाही कसं म्हणणार? मीही झोपलो. हनुवटी मातीत, एक डोळा बंद.

आणि खरंच दिसलं. डोळा खाली गेला तशी तलावापलीकडची रेघही खाली आली, सगळं एका रेषेत बसलं. "डोऱ्याची उंची ते आभाराची रेघ," बाई वरून सांगत होत्या. मला खेळात कुठली रेघ हलवायची ते क्षणात कळलं. आनंदाने मी मान वर केली तर समोर चार बूट. दोन मुख्याध्यापकांचे आणि दोन जिल्ह्याहून अचानक पाहणीला आलेल्या साहेबांचे.

साहेब घाबरून म्हणाले, "काय झालं? साप चावला का यांना?"

"त्रिमिती आहे, सर," मी पडल्यापडल्याच म्हणालो.

मुख्याध्यापकांनी साहेबांना तिथून जवळजवळ ओढत नेलं. माझ्या शर्टाची ती माती अजून गेलेली नाही. बायको म्हणते, धुतला की तलावाचा वास येतो.

आता त्या चष्म्याची गोष्ट सांगतो, कारण तिथून माझं हसणं जरा कमी झालं.

मला आणखी मोठं व्हायची हौस आली होती. कुठेतरी पाहिलं की लाल आणि निळ्या जिलेटीनचा चष्मा घातला की चित्र पडद्याबाहेर येतं. प्रत्येक चित्राच्या दोन प्रती करायच्या, एक लाल, एक निळी, किंचित सरकवून. लाल काच एका डोळ्याला एक प्रत दाखवते, निळी दुसऱ्याला दुसरी, आणि मेंदू दोन्ही जोडून खोली बनवतो. मुलांनी पुठ्ठ्याचे चष्मे केले. पहिल्याच पोरीने चष्मा घालून किंकाळी फोडली, "सर, बगरा बाहेर आला!" सगळी मुलं हवेत हात घालून बगळा पकडायला लागली. माझ्या नोकरीतला तो सर्वांत यशस्वी तास होता.

मी चष्मा मोठ्या इतमामाने बाईंना दिला. त्यांनी घातला. पाहिलं.

"काय दिसतं, बाई?"

"लाल दिसून राहिलं."

"बगळा बाहेर आला का?"

"नाई जी. लाल बगरा हाये."

मी चित्रं आणखी सरकवली, मग कमी सरकवली. चष्मा बदलला. जिलेटीनला दोष दिला, दुकानदाराला दिला, विजेच्या दाबाला दिला. बाईंना खुर्ची मागे घ्यायला लावली, पुढे घ्यायला लावली. मुलं घरी गेली तरी मी हरेना. शेवटी बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सर, जिलेटीन चांगलं हाये. माहा उजवा डोरा नाई चालत."

लहानपणी मळणीच्या वेळी धानाचं कुसळ डोळ्यात गेलं होतं. गावात जे औषध झालं ते झालं, डोळा राहिला, नजर गेली. दिसायला तो डोळा दुसऱ्यासारखाच होता. शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. चित्र काढताना उजवा डोळा मिटायची त्यांना काहीच गरज नव्हती. चित्रकार एक डोळा मिटतात म्हणून त्या मिटत, म्हणजे कुणी विचारणार नाही.

केटलीची चोच कपाला का टेकायची ते मला तेव्हा कळलं. एका डोळ्याला कप किती लांब आहे हे नेमकं कळत नाही, टेकवून पाहावं लागतं. फळ्यावर रेघ काढण्याआधी त्या बोटाने फळा शिवत, तेही त्यासाठीच. आणि ती झाडं. दोन डोळ्यांचा माणूस झाड लटकलेलं असलं तरी चालवून घेतो. बाईंना झाड किती लांब आहे हे त्याचे पाय जमिनीवर कुठे टेकले आहेत त्यावरून कळायचं. माझ्या खेळात त्या चालूच शकत नव्हत्या. त्रिमिती, त्रिमिती म्हणत मी ज्यांना वर्षभर शिकवत होतो, त्यांनी ती लहानपणानंतर एकदाही पाहिली नव्हती. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी उगाच चष्मे मोजायला लागलो.

"तोंड पाडू नोका जी," बाई म्हणाल्या. "चष्मे राहू द्या. पोट्ट्याईले मजा येते."

मग, पिशवीतले कोळसे नीट करता करता, त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. उरलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. गोंदियाच्या डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं. साधं ऑपरेशन, रोज होतात. पण ज्यांना दोन डोळे असतात त्यांच्यासाठी साधं. "हा बी गेला तं मंग काय? म्हशीले शिंगावरून ओरखाचं?" त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

"मग कधी करताय?"

"खेळ होऊन जाऊ द्या."

झालं. माझ्या डोक्यात बसलं की बाईंचा डोळा माझ्यामुळे अडला आहे. खेळ लवकर संपवला पाहिजे. मी मधल्या सुट्टीत काम करायला लागलो, डबा एका हाताने खायला लागलो. कीबोर्डमध्ये अजूनही भाताची शितं आहेत. पण दर सोमवारी बाईंच्या पिशवीतून नवं चित्र निघायचं. कमळं राहिली. बदकं राहिली. धुणं धुणारी बाई राहिली. एवढ्या मोठ्या तलावावर एकच बगळा बरा दिसतो का, म्हणून आणखी बगळे. मी मनातल्या मनात म्हणायचो, काय ही कलावंताची निष्ठा! आणि प्रत्येक बगळ्याला ठोकळे जोडत बसायचो.

मला अक्कल यायला फार बगळे लागले. एका सोमवारी आलेला बगळा मी आधीच्या बगळ्यांशेजारी ठेवला. तोच बगळा होता, तीच मान, तोच उचललेला पाय. फक्त रेघा एकमेकींना भेटत नव्हत्या. चोच डोक्यापासून सुटली होती, पाय पोटाच्या बाजूने निघाला होता. बाईंना चित्र दिसतच नव्हतं, त्या आठवणीने काढत होत्या. आयुष्यभर ज्यांनी मुलांना 'माहीत हाये ते काढू नोका' म्हणून ओरडलं, त्या आता माहीत असलेलं काढत होत्या. आणि खेळ संपू नये म्हणून काढत होत्या. खेळ संपला की दवाखान्यात जावं लागणार होतं. त्या घाबरल्या होत्या.

मला समजावून सांगणं जमत नाही. बायको म्हणते, तुम समझाते हो तो सामनेवाला और डर जाता है. म्हणून मी मला येत होतं ते केलं. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर मुलांसमोर जाहीर केलं: खेळ पूर्ण झाला आहे, शनिवारी सगळ्या गावाने पाहायला यावं.

बाई तरातरा संगणक खोलीत आल्या. "कोन म्हनते झाला? मोहावर फुलं नाई अजून. धुनं धुनारीच्या हातात धुनं नाई!"

"झाला, बाई."

"कोन म्हनते?"

"मी. शाळेचा संगणक शिक्षक." ही पदवी मी मोठ्याने पहिल्यांदाच वापरली. आवाज चिरकला, पण वापरली.

त्या पंख्याखाली उभ्या राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. मग म्हणाल्या, "मंग मले जावंच लागन."

"हो."

"भेव लागते जी सर."

"मलाही लागतं," मी म्हणालो. ते खरं होतं.

शनिवारी गाव आलं. धुणं धुणारी बाई रिकाम्या हाताने धुणं धूत होती. वाघ पाणी पिऊन गेला. म्हातारी माणसं बाण दाबून दाबून पाळीवरून पुन्हा पुन्हा चालली, आणि आपापल्या बांधीपाशी थांबली. खेळाच्या तलावाला आपल्या बांधीला पाणी देणारा पाट नाही म्हणून एका आजोबांनी माझी खरडपट्टी काढली.

ऑपरेशनला बाई आमच्याच घरी उतरल्या. दवाखान्यात त्यांचे मालक आणि माझी बायको आत गेले, मी बाहेर बाकावर बसलो आणि तिथेच मला चक्कर आली. नर्सने पेशंटच्या आधी मला पाणी दिलं. पट्टी निघाली तेव्हा बाई म्हणाल्या, "दिसते." डॉक्टरांनी विचारलं, "दिसते." नवऱ्याने विचारलं, "दिसते." पण ते 'दिसते' ऐकून माझा जीव भांड्यात पडला नाही. पाहुणे 'जेवलो, जेवलो' म्हणतात तशा त्या म्हणत होत्या. काळा चष्मा लावून त्या शाळेत परतल्या आणि चहाच्या केटलीला त्यांनी हात लावला नाही. मी ओतला. अर्थातच सांडला.

निरोपसमारंभ झाला. मुख्याध्यापकांनी भाषणात पाळीवरच्या त्या प्रकाराचा उल्लेख टाळला. बाई मुलीकडे नागपूरला राहायला जाणार होत्या. शाल-श्रीफळ पिशवीत कोळशांवर ठेवून त्या माझ्यापाशी आल्या. "चला जी, तलावावर."

उन्हं कलली होती. पाणी सोडायचं जे जुनं दगडी दार आहे, त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात, तिथे बाई उभ्या राहिल्या. काळा चष्मा काढून पिशवीत टाकला. हात ताठ केला, अंगठा समोर धरला. आज उजवा डोळा मिटला नाही.

"तुमी पारीवरून मागं मागं जा. मी सांगतो तवा थांबा."

मला कळलं. दवाखान्यातल्या तक्त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी चालायला लागलो, तोंड त्यांच्याकडे करून, उलटा. थोडं गेलो, ओरडलो, "दिसतो का?"

"दिसून राहिले! जा अजून!"

पळस गेला. मोह गेला. उलटं चालताना दोनदा अडखळलो. "आता?"

"जा जी अजून!"

मी जात राहिलो. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला आहे, हे मला तेव्हा कळलं. तुडुमापाशी आता नुसता एक पांढरा ठिपका होता. पाण्याकाठी बगळेही उतरले होते आणि त्यातल्या बाई कोणत्या हे मला सांगता येईना. मी थांबलो. आता त्यांनाही दिसत नसणार. ओरडून विचारायचा धीर होईना.

मग पाण्यावरून त्यांचा आवाज आला. इतक्या वर्षांत त्यांनी मला 'सर' किंवा 'जी' शिवाय हाक मारली नव्हती; 'गा' तर आमच्याकडे घरच्या माणसाला म्हणतात.

"थांबला काऊन गा? दिसून राहिला! पाय बी दिसून राहिले! जमिनीवर हायेत गा, जमिनीवर!"

मी खाली पाहून खात्री करून घेतली. होते.